ठेकेदार लावण्याआधी त्याचं अर्धवट काम बघा

मी ३१ वर्षं सरकारी लेखा शाखेत काढली. रस्ते, मोऱ्या, शाळाखोल्या, ठेक्याने जे जे बांधलं जातं त्याची बिलं माझ्या टेबलावरून गेली. मोजमाप पुस्तकातला आकडा आणि बिलातला आकडा जुळला नाही की मी लाल पेनाने गोल करून फाइल परत पाठवायची. आणि याच बाईला २०१३ मध्ये स्वतःच्या गच्चीवर एका ठेकेदाराने असं गुंडाळलं, की ऑफिसात कुणाला सांगायचीही सोय उरली नाही.

घर नागपुरात, मानेवाड्याकडच्या एका लेआउटमधलं, १९९१ चं. स्लॅब गळायला लागला होता. भाच्याने माणूस पाठवला, "मावशी, घरचाच समज." त्या घरच्या माणसाने वहीचं पान फाडून लिहून दिलं: 'वॉटरप्रूफिंग कम्प्लीट, ८५,०००'. केमिकल आणायचं आहे म्हणून पहिल्याच दिवशी ५०,००० नेले. मेअखेर जुना कोबा फोडला, मलबा गच्चीच्या कोपऱ्यात रचला आणि त्याची माणसं बेसा रोडला दुसऱ्या साइटवर निघून गेली. पाऊस त्या वर्षी लवकर आला. उघड्या स्लॅबखाली आम्ही रात्रभर बादल्या बदलत होतो, आणि फोनवर तो सांगायचा, "काकू, उद्या माणसं येऊन राहिली." ऑगस्टपर्यंत ती येऊनच राहिली होती.

भाच्याशी अजून बोलणं आहे, पण त्या लग्नात, त्या बारशात विषय निघतोच. म्हणून माझा पहिला नियम: नातेवाइकाने सुचवलेला ठेकेदार लावू नका. तो वाईटच असतो असं नाही, पण आपल्याला त्याला काही बोलता येत नाही, पैसे अडवता येत नाहीत आणि काढता तर मुळीच येत नाही.

२०२२ च्या दिवाळीनंतर वर एक खोली, तिला लागून संडास-बाथरूम आणि खालच्या स्वयंपाकघराची दुरुस्ती असं काम पुन्हा काढलं. तोवर मी निवृत्त झाले होते, हातात वेळ होता आणि नऊ वर्षांचा राग होता. त्या वेळी जे केलं ते इथे लिहिते.

चालू साइटवर जा

ठेकेदार तुम्हाला झालेलं घर दाखवायला नेईल. पुट्टी लावलेली, रंग मारलेली भिंत सगळ्यांचीच सुंदर दिसते. त्याला विचारा, सध्या काम कुठे सुरू आहे? पत्ता घ्या आणि न सांगता, सकाळी अकरा-साडेअकराला जा. मी चार जणांच्या साइट अशा पाहिल्या. दोघांची नावं तिथेच कटली.

एका साइटवर सिमेंटची पोती सरळ जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलेली होती. खालच्या पोत्याला हात लावला तर कडेला गोळे झालेले. दुसऱ्या ठिकाणी मिस्त्री कोरड्या विटा लावत होता. पाण्यात न भिजवलेली वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि जोड कच्चा राहतो, हे कळायला इंजिनीअर असावं लागत नाही. तिसऱ्या साइटवर भिंतीवर कोळशाने तारीख लिहिलेली होती. मी रेजाला, म्हणजे मजूर बाईला, विचारलं हे काय, तर ती म्हणाली, "पानी मारायची तारीख हाय बाई." तिथे मी पायरीवर बसून चहा घेतला आणि मिस्त्रीला हळूच विचारलं, "हप्ता वेळेवर मिळतो का?" माझ्या मते हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. ज्या ठेकेदाराचे मिस्त्री दर सहा महिन्यांनी बदलतात, त्याच्या कामाचा दर्जाही तसाच बदलतो. या मिस्त्रीला त्याच्याकडे सहा वर्षं झाली होती. तोच ठेकेदार मी लावला.

जुन्या मालकांशी बोलायचं झालं तर 'काम कसं केलं' असं विचारू नका. सगळे 'ठीक केलं' म्हणतात. विचारा, शेवटचं किरकोळ काम संपायला किती दिवस लागले? ठरल्यापेक्षा किती जास्त गेले? पावसाळ्यात फोन उचलला का?

एखाद्या दिवसाच्या किरकोळ कामाला, गच्ची साफ करायला किंवा रेती वर चढवायला ठिय्यावरून, म्हणजे सकाळी मजूर उभे असतात त्या चौकातून, माणूस आणला तरी चालतं. पण बाथरूमसारखं काम ठिय्यावरच्या अनोळखी मिस्त्रीला देऊ नका. सहा महिन्यांनी ओल आली तर त्याला शोधायला कुठल्या चौकात उभं राहणार?

रोजी, मजुरी की मालासकट

ज्या कामात आत काय निघेल ते माहीत नाही, ते ठेक्याने देऊ नये असं माझं मत आहे. स्वयंपाकघराची भिंत फोडली तेव्हा आत जुना लोखंडी पाइप पूर्ण गंजलेला निघाला. ते काम ठेक्याने असतं तर ठेकेदाराने तो तसाच बुजवला असता किंवा मला दुप्पट सांगितले असते. दोन्ही बाजूंनी त्याचं बरोबरच. म्हणून तोडफोडीचं काम रोजीने: मिस्त्रीची रोजी, रेजाची रोजी, रोज संध्याकाळी वहीत सही. फक्त रोजीच्या कामावर घरातलं कुणीतरी दिवसभर हजर पाहिजे, नाहीतर दोन दिवसांचं काम पाच दिवस चालतं.

नवी खोली मात्र मजुरीच्या ठेक्यावर दिली, माल माझा. मालासकट ठेका दिला की डोक्याला ताप कमी होतो हे खरं, पण मग सिमेंट कुठलं आणि सळई किती, हे प्रत्येक वेळी त्याच्या खिशातून जातं आणि त्याचा हात आखडतो. ज्याला साइटवर उभं राहायला वेळ नाही त्याने मालासकट द्यावं, पण मग सिमेंटची कंपनी, सळईची कंपनी, टाइलचा नग दर, सगळं कागदावर हवं.

माल स्वतः घेणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. रेती आणि गिट्टी ब्रासने येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॅक्टरवाला 'एक ब्रास' म्हणाला तरी ट्रॉलीत टेप टाकून लांबी, रुंदी, उंची फुटात मोजायची, गुणायची. माझी पहिली ट्रॉली ८२ घनफूट निघाली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मॅडम, रस्त्यात बसली रेती." मी म्हटलं, पैसेही रस्त्यातच बसले. पुढच्या ट्रॉल्या बरोबर आल्या. रेतीत माती किती हे बघायला काचेच्या ग्लासात अर्धी रेती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवायचं आणि दोन-तीन तास ठेवायचं. रेतीच्या वर मातीचा थर वेगळा बसतो. तो जाड दिसला तर ट्रॉली परत. कन्हान नदीची म्हणून सांगतात ती सगळी कन्हानची नसते, ग्लास मात्र खोटं बोलत नाही.

सळई वजनावर घ्यायची. व्यास मिलिमीटरमध्ये, त्याला त्यानेच गुणायचं आणि १६२ ने भागायचं, म्हणजे एक मीटरचं वजन किलोत निघतं. ८ मिमीची ०.३९५, १० मिमीची ०.६१७, १२ मिमीची ०.८८८. सळई १२ मीटरची येते, म्हणजे १२ मिमीची एक नग साधारण साडेदहा किलोच्या थोडी वर. मी लोहाओळीतून, म्हणजे लोखंडाच्या बाजारातून, भाव काढून आणले आणि मग जवळच्या दुकानातून घेतली. भाव दोन ठिकाणचे हातात असले की दुकानदाराचा आवाज मऊ होतो.

'फुटाने' म्हणजे कुठला फूट

ठेका चौरस फुटाने ठरतो आणि निम्मी भांडणं तिथेच असतात. फूट आतला धरायचा की भिंतीच्या बाहेरून? छज्जा मोजायचा का? जिन्याचं काय? कठडा आणि पाण्याच्या टाकीचा चौथरा त्यातच की वेगळा? प्लास्टरमध्ये दार-खिडकी वजा होणार का? सरकारी मोजमापात नियम आहे: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करत नाहीत, त्यापुढे ३ चौरस मीटरपर्यंत, दोन्ही बाजूंना प्लास्टर असेल तर, एकाच बाजूचं वजा करतात, कारण कडांचं काम मिस्त्रीला करावं लागतंच. मी तोच नियम ठेकेदारापुढे ठेवला. त्याने डोकं खाजवलं, म्हणाला, "काकू, असं आजवर कुणी मोजलं नाही, पण बरोबर वाटून राहिलं." 'बरोबर वाटून राहिलं' हे मी लगेच कागदावर घेतलं.

करार म्हणजे वकिलाची भाषा नको. आमचा बाथरूमपुरता मजकूर असा होता:

'बाथरूम ७ बाय ५. पाइप सीपीव्हीसी, ठरलेल्या कंपनीचे. टाइल लावण्याआधी पाइपांना दाब देऊन तपासणी. वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवर एक फूट वरपर्यंत. त्यावर ४८ तास पाणी साठवून मालकाला दाखवणे, मगच टाइल. टाइल मालकाची, कापताना १०० मागे ५ पेक्षा जास्त फुटल्यास ठेकेदाराच्या माथी. उतार मोरीकडे. मलबा ठेकेदाराने नेणे.'

मलब्याची ओळ विसरू नका. रस्त्यावर ढीग दिसला की महापालिकेचं उपद्रव शोध पथक येतं आणि पावती घराच्या मालकाच्या नावाने फाटते. ठेकेदार तेव्हा हमखास चहाला गेलेला असतो.

जास्तीचं काम तोंडी नाही. मी एक शंभर पानी वही ठेवली होती. डाव्या पानावर मी म्हटलेलं, उजव्या पानावर त्याने सांगितलेला दर, खाली दोघांच्या सह्या. संपूर्ण कामात अशा ११ नोंदी झाल्या. त्यातली एक कूलरची. नागपुरात घर बांधताना सगळे एसीचा पॉइंट आठवणीने घेतात आणि कूलर विसरतात. खिडकीबाहेर कूलरचं स्टँड कशात रोवायचं, पाण्याची पाइप कुठून येणार, प्लग कुठे, आणि मुख्य म्हणजे खिडकीची खालची कडप्पा पट्टी बाहेरच्या बाजूला उतरती हवी, नाहीतर एप्रिल ते जून कूलरचं ठिबकणारं पाणी भिंतीत मुरतं आणि पावसाळ्याआधीच पोपडे धरतात. आमच्या खालच्या खोलीत ३० वर्षं हेच चाललं होतं.

परवानगी आणि इंजिनीअर

प्लास्टर, फरशी, रंग याला परवानगीची गरज नाही. वर खोली चढवायची तर लागते. तुमचं लेआउट महापालिकेकडे येतं, सुधार प्रन्यासकडे की एनएमआरडीएकडे (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हे आधी बघा, आणि आरएलची, म्हणजे प्लॉट नियमित केल्याच्या पत्राची प्रत, मंजूर नकाशा शोधून ठेवा. "परवानगीचं माझ्यावर सोडा" म्हणणाऱ्या ठेकेदारावर ते सोडू नका. नोटीस आली तर ती त्याच्या दारावर चिकटवत नाहीत.

इंजिनीअरची फी देताना माझाही हात थोडा आखडला होता. पण त्याने पहिल्या दिवशी भिंतीला लागून खड्डा खणायला लावला आणि पाया मुरमापर्यंत गेला आहे की काळ्या मातीतच थांबला आहे ते पाहिलं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावर उभं घर दरवर्षी थोडं हलतं. आमच्या दक्षिणेच्या भिंतीतली तिरपी भेग त्यामुळेच होती. ठेकेदाराने ती "नुसती प्लास्टरची आहे" म्हणून सांगितली होती. त्याने खोटं सांगितलं नाही, त्याला माहीतच नव्हतं. वरच्या खोलीचं वजन कुठे उतरवायचं हे मग इंजिनीअरने ठरवून दिलं.

पैसे

मजुरीचा ठेका १,६०,००० ला ठरला. सुरुवातीला १६,०००. विटांचं काम लिंटलपर्यंत, म्हणजे दार-खिडकीवरच्या पट्टीपर्यंत, आल्यावर ३२,०००. स्लॅब पडल्यावर ४०,०००. आतलं-बाहेरचं प्लास्टर झाल्यावर ३२,०००. टाइल आणि बाथरूमची पाण्याची परीक्षा झाल्यावर २४,०००. किरकोळ कामं संपल्यावर ८,०००. आणि उरलेले ८,००० एक पावसाळा गेल्यावर. सगळे खात्यातून खात्यात, दर वेळी कशाबद्दल ते लिहून.

शेवटच्या आठ हजारांवर तो अडून बसला. "काकू, असं नाही करत कोणी." मी म्हटलं, सरकार करतं, आणि तुम्ही सरकारचंही काम घेता. मग तो हसला.

मधल्या काळात त्याने दोनदा उचल मागितली. एकदा मुलीची फी, एकदा मिस्त्रीच्या गावी कुणी वारलं. इथे लोक दोन टोकं गाठतात, एकतर सगळं देतात किंवा माणुसकीच सोडतात. मी फीच्या वेळी नाही म्हटलं आणि मिस्त्रीच्या वेळी थेट मिस्त्रीला २,००० दिले, वहीत लिहून, पुढच्या हप्त्यातून वळते. ठेकेदार मजुरांना पैसे देत नाही असा संशय आला तर हप्त्याच्या दिवशी साइटवर उभं राहा, एवढं पुरतं.

स्लॅबचा दिवस

फेब्रुवारीत स्लॅब होता. १४ बाय १६, जाडी ५ इंच, म्हणजे सुमारे ९३ घनफूट, २.६४ घनमीटर. इंजिनीअरने सांगितलं की एम-२० प्रतीच्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण ८ पोती धरा. स्लॅबला २१, बीमची वेगळी.

आदल्या संध्याकाळी मी वर जाऊन सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई फळीपासून उचलून धरणारे ठोकळे, आहेत का ते पाहिलं. स्लॅबला २० मिमी. तिथे चक्क टाइलचे तुकडे सरकवले होते. ठेकेदाराला फोन केला, तो रात्री नऊला सिमेंटचे ब्लॉक घेऊन आला आणि टॉर्चच्या उजेडात बदलले. सळईवर पाय पडून ती खाली दबू नये म्हणून रेजांना चालायला फळ्याही टाकून घेतल्या.

सकाळी मिक्सर लागला. एका पोत्याला रेती दीडपट, गिट्टी तिप्पट. त्याची घमेली किती होतात ते मी आधी मोजून घेतलं आणि मिक्सरसमोरच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलं. पाणी एका पोत्याला ३० लिटरच्या आत, रेती ओली असेल तर आणखी कमी. माझ्याकडे १५ लिटरची निळी बादली होती. दोन बादल्या, वर काही नाही. मी खुर्ची टाकून बसले.

पहिली दहा पोती नीट गेली. मग ऊन चढलं आणि वरून मिस्त्री ओरडला, "पानी मार बे, माल चालून नाही राहिला!" मिक्सरवाल्या पोराने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने बादली खाली ठेवली. मिस्त्री खाली उतरून आला, घामाने निथळत, म्हणाला, "काकू, तुम्ही वर येऊन ओढा हा माल." त्याचंही खरं होतं. घट्ट काँक्रीट पसरवायला कंबर मोडते, पातळ केलं की आपोआप वाहतं, पण वाळल्यावर त्यातलं जास्तीचं पाणी उडून जातं आणि जागोजागी पोकळी राहते. मी त्याला म्हटलं, एक माणूस वाढवा, त्याची रोजी मी देते. ठेकेदाराने दुसऱ्या साइटवरून माणूस बोलावला, व्हायब्रेटर सतत चालू ठेवला. संध्याकाळी चारला स्लॅब पूर्ण झाला. मी रिकामी पोती मोजली: २९. बीम धरून हिशेब जुळला. त्या दिवशी सगळ्यांना तर्री पोहा आणि जिलबी दिली, मिस्त्रीला दोनदा.

दुसऱ्या दिवशी वर मसाल्याची आळी करून पाणी भरलं आणि १४ दिवस वाळू दिलं नाही. ठेकेदार आठव्या दिवशी बीमखालचे टेकू काढायला निघाला होता, कारण सेंट्रिंगवाल्याला फळ्या दुसरीकडे हव्या होत्या. हे नेहमीचं कारण आहे. चार दिवसांचं जास्तीचं भाडं मागितलं तर देऊन टाका, पण इंजिनीअर सांगेल तोवर टेकूला हात लावू देऊ नका.

बाथरूमची बादली

एप्रिलमध्ये बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं. ठेकेदार म्हणाला, "दोन तास पाणी ठेवलं काकू, काही नाही झालं." करारात ४८ तास होते. मोरीचं तोंड बंद करून चार बोटं पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. पण एप्रिलच्या नागपुरात पाणी उडतंही. म्हणून तिथेच शेजारी एक बादली भरून ठेवली आणि तिच्यावरही आतून रेघ. उन्हाने जेवढं उडेल तेवढं दोन्हीकडे सारखंच कमी होईल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बादलीतलं पाणी नखभर खाली होतं. बाथरूममधलं एक बोट. खालच्या बाथरूमचं छत मात्र कोरडं ठणठणीत. ठेकेदार म्हणाला, "बघा, खाली काही नाही, उडालं पाणी." मी बादली दाखवली. तो बराच वेळ बादलीकडे बघत बसला. मग त्याने स्वतःच मोरीच्या जाळीभोवतीचं प्लास्टर कोरलं. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपला पाइप जोडला होता तिथे जोडाला सोल्युशनच लागलेलं नव्हतं. पाणी भिंतीच्या पोकळीत जात होतं, छतावर दिसायला त्याला कदाचित एक वर्ष लागलं असतं. तेव्हा टाइल फोडाव्या लागल्या असत्या, आता अर्ध्या तासात जोड झाला. पुन्हा ४८ तास.

टाइल बसल्यावर नाण्याने प्रत्येक टाइल वाजवून बघा. पोकळ आवाज आला तर खडूने फुली. आमच्याकडे सहा फुल्या निघाल्या. आणि भिंतीतले पाइप, वायरचे पाइप बुजवण्याआधी टेप लावून फोटो काढा, जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. गीझर टांगताना ड्रिलवाला विचारेल तेव्हा कळेल.

केव्हा सुरू करावं

दिवाळी झाली की सुरू करा आणि होळीपर्यंत सिमेंटचं काम आटपा. मे महिन्यात ४५ अंशांत केलेलं बाहेरचं प्लास्टर सकाळी मारलं की दुपारी केसासारख्या भेगा दाखवतं, आणि तेव्हाच बोअरचं पाणीही खाली गेलेलं असतं. गच्चीचं काम मेअखेर उघडू नका, ही चूक मी केलीच आहे. मिस्त्री, रेजा बालाघाट, गोंदिया, छत्तीसगडकडचे असतात. धानाच्या रोवणीला आणि कापणीला गावी जातात, होळीला जातात, आणि पोळा-तान्हा पोळ्याच्या आठवड्यात साइटवर कावळासुद्धा नसतो. ठेकेदाराने त्या आठवड्यातली तारीख दिली तर समजा की त्याने कॅलेंडर न बघता दिली आहे.

बिघडलंच तर? पावत्या, वही, खात्यातल्या नोंदी आणि फोटो असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. २०१३ मध्ये माझ्याकडे वहीचं एक फाटलेलं पान होतं. त्यावर काय तक्रार करणार होते?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अर्ध्या शहरात पाणी शिरलं, त्या रात्री विजांच्या कडकडाटात मी टॉर्च घेऊन वर गेले. खोलीचे चारही कोपरे, खिडकीखालची पट्टी, बाथरूमच्या खालचं छत, सगळीकडे हात फिरवून पाहिला. कोरडं. दसऱ्यानंतर ठेकेदार आठ हजार न्यायला आला, त्यानेही वर जाऊन आधी कोपरेच बघितले. दाराची चौकट खालून पाऊण इंच तिरपी आहे, ती तशीच राहिली आणि त्याबद्दल मी ५०० कापले. तो काही बोलला नाही.

परवा हुडकेश्वरकडच्या एका बाईंचा फोन आला. त्याने माझा नंबर दिला होता. काम कसं केलं, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना सांगितलं: मिस्त्री चांगला आहे, पैसे पुढे देऊ नका, चौकट लावताना ओळंबा तुमच्यासमोर धरायला लावा, आणि बाथरूमच्या वेळी एक बादली शेजारी ठेवा. "बादली कशाला?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, या घरी, दाखवते.